घाटापलीकडची दूधआई

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येणार नाही. पण माणसं राजांना विसरतात आणि एखाद्या बाईचं दुःख मात्र लक्षात ठेवतात. म्हणून ही गोष्ट राहिली. लहानांनो आणि मोठ्यांनो, ती ऐका.

दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. गावाखालून निर्मळा नावाची नदी वाहायची. वरच्या आळीत विणकर राहत आणि खालच्या आळीत, नदीच्या काठाला, रंगारी. विणकरांच्या मागावरून उतरलेलं पांढरं कापड खाली जायचं आणि निळं, तांबडं, हळदी होऊन वर यायचं. त्या कापडासाठी घाट चढून लांबलांबचे व्यापारी येत.

दोन्ही आळ्यांचे देव वेगळे होते. विणकर उगवत्या सूर्याला हात जोडत. त्यांना दिनपंथी म्हणत. रंगारी दिवस मावळताना गुडघाभर पाण्यात उभे राहून नदीची गाणी म्हणत. त्यांना जळपंथी म्हणत. त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. थट्टा मात्र चालायची. रंगाऱ्यांचा एखादा म्हातारा म्हणायचा, "अरे, तुमचा देव रोज संध्याकाळी आमच्याच देवाच्या पोटात बुडतो की!"

त्यावर विणकर म्हणायचे, "बुडतो कसला, अंघोळीला जातो! सकाळी बघ, कसा लखलखीत होऊन वर येतो."

आणि दोघंही हसायचे.

विणकरांच्या आळीत कुशाबा आणि सगुणा हे जोडपं राहायचं. कुशाबाच्या हातात कसब होतं, पण ताडीनं ते पार खाऊन टाकलं होतं. त्याचा माग आठवडेच्या आठवडे बंद पडलेला असायचा. सगुणाला मुलगी झाली, तेव्हाही तो गुत्त्यातच होता. बाळंतपणात सगुणाला ताप भरला आणि तिचं दूध आटलं. बाळ रडून रडून दमलं. शेवटी रडण्याचंही बळ त्याच्यात उरलं नाही.

त्याच वेळी रंगाऱ्यांची हौसा कापड न्यायला दारात आली. तिची स्वतःची मुलगी, पवळा, तेव्हा अंगावर पीत होती. हौसानं एकदा सगुणाकडं पाहिलं, एकदा बाळाकडं पाहिलं आणि बाळाला उचलून पदराखाली घेतलं.

सगुणा तापातून उठली, पण तिचं दूध काही परत आलं नाही. मग हौसाच रोज वर यायची, नाहीतर बाळाला खाली घेऊन जायची. दोन्ही मुली एकाच पदराखाली वाढल्या. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या नव्हती, तेव्हा सगुणा म्हणाली, "हौसा, जिनं जगवलं तिनंच नाव ठेवावं."

हौसाला दुसरं नाव सुचणार तरी कुठलं? तिनं आपल्या नदीचं नाव ठेवलं. मुलगी निर्मळा झाली.

निर्मळा बोलायला लागली तेव्हा ती सगुणाला आई म्हणायची आणि हौसाला दूधआई. सकाळी आईच्या शेजारी उभं राहून ती सूर्याला हात जोडायची. मग दिवसभर पवळाबरोबर वाळत घातलेल्या ओल्या कापडांमधून पळापळ करायची. संध्याकाळी दूधआईचं बोट धरून नदीत उतरायची आणि न समजणाऱ्या शब्दांची गाणी मोठ्यानं म्हणायची. दोन देवांमध्ये तिची कधी अडचण झाली नाही. लहान मुलांची होत नाही.

मग गावात एक बुवा आले.

ते घाटावरून एकटेच आले. अंगावर एक साधं पांघरूण, बाकी काही नाही. पण त्यांच्या बोलण्यात काही वेगळंच होतं. ते वडाखाली बसून बोलायला लागले की चालता माणूस थांबायचा. ते दिनपंथाचे होते, पण सुरुवातीला ते देवाबद्दल फारसं बोलतच नसत. ते ताडीबद्दल बोलत, बायकोवर उठणाऱ्या हाताबद्दल बोलत, उपाशी झोपणाऱ्या पोरांबद्दल बोलत.

एके दिवशी कुशाबा झुलत झुलत तिथं गेला आणि मागं उभा राहून फिदीफिदी हसायला लागला. बुवा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "दादा, तुझी लेक आज सकाळी काय जेवली, सांगशील का मला?"

कुशाबाला सांगता येईना. सगळे वळून त्याच्याकडं बघत होते. तो खाली मान घालून घरी गेला, ताडीचं मडकं उचलून उकिरड्यावर फोडलं आणि त्यानंतर त्यानं कधी ताडीला तोंड लावलं नाही. माग पुन्हा खटाखट चालायला लागला. सगुणाच्या चेहऱ्यावर हसू आलं. निर्मळाला आबा मिळाले.

ही गोष्ट खरी आहे. पुढं जे घडलं, त्यामुळं ती खोटी ठरत नाही.

गाव बुवांवर जीव टाकायला लागलं. आणि बुवांनाही गावाच्या प्रेमाची सवय लागली. एका संध्याकाळी प्रवचन रंगत नव्हतं, लोक जांभया देत होते. तेवढ्यात नदीकडून गाण्याचा आवाज आला. बुवा सहज म्हणाले, "ऐका! उजेडाची ज्यांना भीती वाटते, ते बघा कसे दिवस मावळायची वाट बघून मगच पाण्यात उतरतात!"

लोक खो खो हसले. जांभया पळाल्या.

दुसऱ्या दिवशी बुवांनी तसंच आणखी काही सांगितलं. लोक आणखी हसले. मग रोजच एखादं वाक्य खालच्या आळीसाठी राखून ठेवलेलं असायचं. हळूहळू हसणं कमी झालं आणि माना डोलायला लागल्या. पुढच्या वर्षी पाऊस ओढला, नदीचं पाणी आटलं, तेव्हा बुवा म्हणाले, "सूर्य कोपलाय. ज्या गावात त्याला पाठ दाखवून पाण्याला पुजतात, त्या गावाला तो भाजून काढणार नाही तर काय करणार?"

विणकरांनी खालच्या आळीत कापड पाठवणं बंद केलं. बुवांनी कुशाबाला बोलावून विचारलं, "तुझ्या लेकीच्या अंगावर अजून त्या नदीचं नाव का?" कुशाबा घरी आला आणि म्हणाला, "आजपासून हिला उषा म्हणायचं." सगुणानं त्या दिवसापासून मुलीला नावानं हाक मारणंच सोडून दिलं. "अगं ए" म्हणायची, "बाळा" म्हणायची.

आणि एका संध्याकाळी प्रवचन संपल्यावर लोक घरी गेले नाहीत. ते खालच्या आळीत गेले. त्यांनी रंगाचे रांजण फोडले, भट्ट्या विझवल्या, वाळत घातलेलं कापड चिखलात तुडवलं. सगळ्यात पुढं कुशाबा होता. ज्यानं आपल्याला माणसात आणलं त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बुवा स्वतः वडाखालीच बसून होते. त्यांनी कुणाला जा म्हटलं नव्हतं. पण कुणाला थांबाही म्हटलं नाही.

पहाटे रंगारी गाव सोडून निघाले. डोक्यावर गाठोडी, काखेत लेकरं, आणि समोर घाट.

हौसा मात्र उलट्या दिशेनं वर आली. तिनं कुशाबाच्या दारावर थाप मारली.

"सगुणा, दार उघड. पोरीला एकदा बघते आणि जाते."

कुशाबा दाराला पाठ लावून उभा होता. सगुणानं निर्मळाला पोटाशी घट्ट धरलं होतं. मुलगी धडपडत होती, "दूधआई आलीय, सोड मला," म्हणत होती. सगुणानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाहेर हौसा थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. तिला सांग, ताक पिऊन लगेच उन्हात खेळायला जाऊ नको. घसा धरतो तिचा." आणि ती गेली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. नदीला पुन्हा पाणी आलं, जसं ते दुष्काळानंतर येतंच. लोक म्हणाले, बुवांच्या कृपेनं आलं. टेकडीवर बुवांसाठी मठ बांधला. दर वर्षी मठाची जत्रा भरायची, आणि जत्रेत बुवांनी तेच जुनं प्रवचन करायचं, नदीवाल्यांचं, असा रिवाज पडला. रंगारी गेल्यावर जन्मलेली मुलं आता मिसरूड फुटलेली झाली होती. त्यांनी एकही जळपंथी माणूस डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण त्यांच्याबद्दल सगळं काही त्यांना पाठ होतं.

कापड मात्र पांढरंच राहिलं. विणकरांनी रंगवून पाहिलं. पहिल्या धुण्यात रंग निघून जायचा. व्यापारी एकदा आले, दोनदा आले, मग त्यांनी दुसरी वाट धरली. कितीतरी माग कोपऱ्यात धूळ खात पडले. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

निर्मळा मोठी झाली. तिचं लग्न गावातच झालं. गाव तिला उषा म्हणायचं आणि ती ओ द्यायची. पण दिवस मावळायला लागला की तिला घरात चैन पडायचं नाही. पाणी भरायच्या निमित्तानं ती नदीवर जायची. खालच्या आळीची घरं पडली होती, जोत्यांवर रुई माजली होती. ती काठावर बसायची आणि लहानपणची गाणी आठवू पाहायची. चाल आठवायची, शब्द आठवायचे नाहीत. पुढं पुढं दूधआईचा चेहराही आठवेनासा झाला. तिचा वास आठवायचा, मांडीची ऊब आठवायची, दारामागून आलेला आवाज आठवायचा. पण चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येत नव्हता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

तिला मुलगी झाली. पहिल्यांदा तिला पाजायला घेतलं तेव्हा निर्मळा इतकी रडली, की सगुणा घाबरून धावत आली.

"काय झालं गं?"

"आई, तिनं मला असंच घेतलं असेल ना?"

सगुणा खाली बसली. मग म्हणाली, "दार मी उघडू शकले असते. तुझ्या आबांनी मला मारलं नसतं, ते त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मी बुवांना भ्यायले. माझं घर ज्यांनी सावरलं, ते रागावले तर घर पुन्हा मोडेल, असं वाटलं मला." तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हौसा माझ्याकडं भीक मागायला आली नव्हती गं. आपल्या लेकीला बघायला आली होती."

त्याच वर्षी सगुणा वारली. शेवटी शेवटी ती एकच विचारायची, "घाटावरून कुणी आलं का?"

आईचं दिवसकार्य उरकल्यावर निर्मळा टेकडी चढून मठात गेली. दुपारची वेळ होती. बुवा आता खूप थकले होते, ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. कुशाबा त्यांना पंख्यानं वारा घालत होता. तो त्यांचा सगळ्यात जवळचा शिष्य झाला होता.

निर्मळानं नमस्कार केला आणि सरळच विचारलं, "बुवा, रंगाऱ्यांना परत बोलवाल का?"

"उषा!" कुशाबा ओरडला.

"आबा, माझं नाव निर्मळा आहे." ती बुवांकडं वळली. "तुम्ही माझे आबा मला दिलेत, ते मी विसरणार नाही. पण माझी दूधआई तुम्ही नेलीत. ती जिवंत आहे की नाही, हेही मला माहीत नाही. तुमच्या एका शब्दानं ती माणसं गेली. तुमच्याच एका शब्दानं परत येतील."

कुशाबाला वाटलं, बुवा आता संतापतील. पण बुवा नदीकडं बघत राहिले.

"मी या गावात आलो ना पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा घाट उतरून तहानेनं जीव कासावीस झाला होता. पहिलं पाणी मला त्या आळीनं दिलं. पाणी आणि गूळ. त्या संध्याकाळी मी काठावर बसून त्यांची गाणी ऐकली. इतकं गोड मी जन्मात ऐकलं नव्हतं." ते थांबले. "आता संध्याकाळी फार सुनं सुनं वाटतं. हे कुणाला सांगू?"

"मला सांगितलंत, तसं सगळ्यांना सांगा. जत्रेत सांगा."

बुवांनी डोळे मिटले. मग मान डोलावली. "सांगेन."

जत्रेच्या दिवशी टेकडी माणसांनी फुलून गेली. निर्मळा लेकीला कडेवर घेऊन पुढंच उभी होती. दोघा शिष्यांनी धरून बुवांना उभं केलं. त्यांनी नुसतं "नदी" म्हटलं, आणि लोकांनी आरोळी ठोकली. पुढचं सगळं त्यांना ठाऊक होतं.

बुवांनी हात वर केला. "नदीकाठच्या लोकांनी," ते म्हणाले, "मला पहिलं पाणी दिलं होतं."

एकदम शांतता पसरली. हे वाक्य प्रवचनात नव्हतं.

मग पुढं बसलेला एक तरणा गडी ओरडला, "त्या पाण्यात विष घातलं असेल, बुवा!"

हशा पिकला. कुणीतरी बुवांच्या नावाचा जयजयकार केला. बुवा ओठ हलवत होते, पण आवाज फुटत नव्हता. त्यांनी त्या हजारो चेहऱ्यांकडं पाहिलं. सगळे चेहरे प्रेमानं त्यांच्याकडंच बघत होते आणि वाट बघत होते. ते प्रेम आता क्षणात आटणार, हे त्यांना दिसलं. त्यांनी एकदा निर्मळाकडं पाहिलं आणि नजर वळवली.

मग त्यांनी जुनंच प्रवचन केलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. आरोळ्यांनी डोंगर दणाणून गेले.

निर्मळा गर्दीतून वाट काढत खाली उतरली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला वाटलं, आता मागायचं तरी कुणाकडं?

पावसाळा सरता सरता बुवांनी अंथरूण धरलं. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि कुशाबाचा हात धरला.

"कुशाबा, ती माणसं वाईट नव्हती. मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. लोकांना आवडायचं म्हणून मी बोलत गेलो. माझ्यामागं हे तू सगळ्यांना सांग. मला धीर झाला नाही. तू सांग."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

कुशाबा घरी आला तो अगदी खचून. त्यानं लेकीला सगळं सांगितलं आणि विचारलं, "ज्या तोंडानं मला ताडी सोडायला लावली, त्याच तोंडानं ते खोटं बोलले? मग माझं सुधारणंही खोटं का? आणि मी रांजण फोडले ते कशासाठी फोडले?"

"आबा, तुम्ही ताडी सोडलीत ते खरंच आहे," निर्मळा म्हणाली. "आणि रांजण फोडलेत तेही खरंच आहे. एकामुळं दुसरं पुसलं जात नाही."

कुशाबा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मग बुवांच्या समाधीला माती द्यायला सगळं गाव जमलं, तेव्हा तो उभा राहिला आणि त्यानं बुवांचे शेवटचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

आधी कुणाला कळेना. मग लोक खवळले. "बुवांच्या नावावर खोटं खपवतोस?" "ह्याच्या घरात दूधच त्या लोकांचं प्यालेलं!" "म्हाताऱ्यानं पुन्हा ताडी धरलेली दिसतेय!" या शेवटच्या शब्दानं कुशाबाचे डोळे भरून आले. ज्या तरण्या गड्यानं जत्रेत ओरड केली होती, त्यानंच त्याला दंडाला धरून टेकडीखाली आणून सोडलं. पुढं तोच मठाचा बुवा झाला.

टेकडीच्या पायथ्याशी निर्मळा उभी होती. कुशाबा तिला म्हणाला, "चल पोरी. मी तुला घाटापलीकडं घेऊन जातो. हे फार आधी करायला हवं होतं."

निर्मळानं मुलीला नवऱ्याच्या आईकडं सोपवलं आणि बापलेक निघाले. घाट उभा होता, कुशाबाला धाप लागत होती. वाटेत तो एकदाच बोलला, "हौसा भेटली तर मी काय बोलू?"

पलीकडं एका माळावर रंगाऱ्यांची वस्ती होती. तिथं नदी नव्हती, एक तळं होतं. त्यांच्यातही आता एक बुवा निपजला होता. तो सांगायचा, की सूर्याकडं बघून बघून घाटाखालचे लोक आंधळे झालेत, त्यांच्या सावलीलाही उभं राहू नका. त्यामुळं ही दोघं वस्तीत शिरली तेव्हा बायकांनी पोरं आत घेतली.

शेवटच्या घरासमोर एक बाई कापड पिळत होती. निर्मळानं तिला ओळखलं. लहानपणी पळताना पडून झालेला हनुवटीवरचा व्रण अजून होता.

"पवळा," ती म्हणाली. "मी निर्मळा."

पवळानं वर पाहिलं. तिच्या हातातलं कापड तसंच राहिलं. मग तिनं निर्मळाच्या मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा कठीण झाला.

"ह्याला कशाला आणलंस?"

कुशाबा पुढं झाला. "तुमचे रांजण मीच फोडले. दारही मीच अडवलं. हौसा कुठं आहे? तिच्या पायांवर डोकं ठेवायला आलोय."

"उशीर केलात," पवळा म्हणाली. "आई ह्याच पावसाळ्यात गेली."

निर्मळा तिथंच मातीत बसली. वाटभर तिनं चेहरा आठवायचा प्रयत्न केला होता. आता तो कधीच दिसणार नव्हता. ती रडली नाही, नुसती माती मुठीत धरून बसली. तिला तसं बघून पवळा थोडी निवळली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसली.

"तुझं नाव रोज निघायचं घरात," ती म्हणाली. "मला राग यायचा. मी म्हणायची, त्यांनी आपल्याला हाकललं, आणि तू त्यांच्या पोरीची आठवण काढतेस? तर आई म्हणायची, ती त्यांची नाही, माझी आहे. दर वर्षी तुमची जत्रा असली की आई घाटमाथ्यावर जाऊन बसायची. ह्या वर्षीही गेली. चालवत नव्हतं तिला, मीच धरून नेलं. तिथून माणसं दिसत नाहीत, पण आरोळ्या ऐकू येतात. त्या ऐकल्या की तिचा चेहरा असा खुलायचा! म्हणायची, 'बघ, किती आनंदात आहेत सगळे. माझी निर्मळाही त्यातच असेल.'"

कुशाबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पवळानं विचारलं, "एवढे कशाला ओरडायचे गं लोक?"

निर्मळाला खोटं सांगता आलं असतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण खोट्यानं काय होतं, ते तिनं पुरतं पाहिलं होतं.

"तुम्हाला शिव्या घालायचे," ती म्हणाली. "आमचे बुवा तुमच्याबद्दल वाईटसाईट बोलायचे, आणि लोक खूश होऊन ओरडायचे. ह्या वर्षीही तेच झालं. मी तिथंच होते."

तळ्याकडून गाण्याचा आवाज यायला लागला होता. दिवस कलत होता. शेवटी पवळा म्हणाली, "बरं झालं. आईला ते कळलं नाही, ते फार बरं झालं." आणि मग ती मोठ्यानं रडायला लागली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

दोन्ही गावं पुन्हा एक झाली का? नाही, लहानांनो. तसं सांगता आलं असतं तर मला फार आवडलं असतं. कुशाबा परत गेलाच नाही. माळावर एका झोपडीत राहून तो रंगाऱ्यांसाठी विणत राहिला आणि तिथंच मेला. काहींनी त्याच्या हातचं कापड घेतलं, काहींनी शेवटपर्यंत घेतलं नाही. निर्मळा आणि पवळा वर्षातून एकदा घाटमाथ्यावर भेटत, आपापल्या गावाला न सांगता. पवळा तिला विसरलेल्या गाण्यांचे शब्द शिकवायची. खाली मठात नवा बुवा मोठ्या बुवांचं प्रवचन म्हणायचा. त्याच्यामागून आणखी कुणी म्हणायला लागला. शेवटचा माग बंद पडला आणि विणकरही पोट भरायला देशोधडीला लागले, तरी जत्रेला जमून ते त्याच आरोळ्या ठोकायचे. ज्यानं ते शब्द पहिल्यांदा उच्चारले, त्याला मरताना ते नको होते, हे तिथं कुणालाच ऐकायचं नव्हतं.

म्हणून, देवाचं नाव घेऊन द्वेषाचा शब्द कधी बोलू नये. तो एकदा सुटला की बोलणाऱ्यालाही परत घेता येत नाही.